चौथ्या शीलापाशी

दोनदा मुलाखतीत नापास झाले, तेही माझ्याच हॉस्पिटलात. वॉर्डची इनचार्ज सिस्टर व्हायचं होतं. सोळा वर्षं ज्या वॉर्डात उभी राहिले, त्याविषयी खुर्चीत बसून चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, एवढंच. पण तीन साहेब समोर दिसले की घसा बंद. दुसऱ्या वेळेनंतर माझी खात्रीच पटली की ही बाई हाताखाली काम करण्यापुरतीच आहे. सकाळी गणवेशाच्या गुंड्या लावताना वाटायचं, आत कोणी नाहीच. नुसता गणवेश ड्यूटीला चाललाय. तिसरी संधी शेवटची होती. तिचं पत्र हातात आलं तेव्हा आनंद झाला नाही, घडी घालून ते पर्सच्या तळाशी ठेवून दिलं.

मीरा रोडच्या एका हॉलमध्ये आत्मविश्वासाचं शिबिरही करून झालं. कोटातल्या सरांनी रोज आरशासमोर एकवीस वेळा 'मी वाघीण आहे' म्हणायला सांगितलं. मी म्हणायचे. आरशातल्या बाईला ते पटायचं नाही, आणि सरांपेक्षा ती मला जास्त ओळखत होती.

मुलाखतीच्या आदल्या रविवारी खारी भागातल्या आमच्या बुद्धविहारात गेले. श्रद्धेने नव्हे, घरी बसवेना म्हणून. विहार म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली. मी चपलांजवळ बसले. वंदना घेणारे काका आजारी होते. परभणीकडच्या गयामावशींना अक्षर वाचता येत नाही, त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, आज तू घे. शिकलेली हाईस." नाही म्हणायलाही घसा लागतो. मी पुढे जाऊन बसले.

एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं, अशी रीत. पंचशीलातली तीन शीलं झाली आणि चौथं डोक्यातून गेलं. लहानपणापासून झोपेतही येणारं. समोर बुद्धाची मूर्ती, पाठीमागे खोलीभर माणसं, आणि मी रिकामी. वाटलं, इथेही नापास. तेवढ्यात मागून गयामावशींचा फाटका आवाज आला. चौथं शील, खोटं न बोलण्याचं. सगळ्यांनी ते उचललं. माझ्याही तोंडून निघालं, कसं ते मला सांगता येणार नाही.

नंतर चपला घालताना मी म्हटलं, "मावशी, अडकले हो मी."

"मग? आम्ही मागं काय शोभेला बसलोत का?"

मुलाखतीत व्हायचं तेच झालं. दुसऱ्याच प्रश्नाला घसा बंद. मागे फक्त भिंत होती. त्या शांततेत मला तो फाटका आवाज आठवला, आणि वाघिणीचं सोंग माझ्या हातून सुटलं. "घाबरलेय मी," मी म्हटलं. "उत्तर येतं मला. एक मिनिट द्या." त्या खोलीत मी पहिल्यांदाच खरं बोलले होते. एका साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मग बोलले. वॉर्डाविषयीच तर बोलायचं होतं.

पद मिळालं. भीती गेली नाही. ती रोज माझ्याबरोबर ड्यूटीला येते. आमच्याकडे वरून कृपा करणारं कोणी नाही, त्यामुळे आभार कोणाचे मानावेत हा पेचच आहे. गयामावशींचे मानायला गेले, तर त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता दर रविवारी पुढंच बसत जा."

बसते. अजूनही अडकते. पण आता धडपडत नाही. हात जोडलेले ठेवते आणि मागून आवाज यायची वाट बघते. येतो.