आज ब्रेकडाउन, सुशीला आहे

आमच्या घरात ब्रेकडाउन हा शब्द स्वयंपाकघरात वापरला जायचा. वडील भोसरीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर होते. मशीन बंद पडलं की त्यांच्या खात्याला निरोप यायचा, अमुक लाइनला ब्रेकडाउन आहे. आई तळवड्याच्या एका लहान युनिटमध्ये वायरींच्या जोडण्या करायची. ते काम उभ्यानेच करायचं असे. एका संध्याकाळी ती घरी आली, चप्पल काढली आणि ओट्याकडे न जाता भिंतीला टेकून बसली.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं.

"ब्रेकडाउन."

"किती वेळ लागंल?"

"आज नाही होत चालू."

वडील उठले आणि कांदा चिरायला बसले. तो दिवस बुधवार होता. आमच्या भागातल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे आठवड्याचा सगळा शीण बुधवारी संध्याकाळी अंगात उतरायचा. पुढे बहुतेक ब्रेकडाउन बुधवारीच झाले. आईच्या तोंडून 'दमले' हा शब्द मी कधी ऐकला नाही. त्या जागी हा शब्द होता, आणि तो एकदा उच्चारला की घरात कोणी कारण विचारायचं नाही, असं आपोआप ठरून गेलं होतं.

त्या दिवशीचा स्वयंपाक एका भांड्यात आणि एकाच शेगडीवर व्हायचा. सकाळच्या चपात्या उरल्या असतील तर त्यांचा कुस्करा, लसणाच्या फोडणीत परतलेला. भाकरी असेल तर येसरची आमटी. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ. ते धाराशिवहून मावशी डबा भरून पाठवायची. फोडणीत पाणी ओतायचं, उकळी आली की दोन चमचे येसर कालवून सोडायचं, आणि आमटी तयार. भाकरी त्यात कुस्करून ठेवली की पाच मिनिटांत इतकी मऊ व्हायची की चावायचेही कष्ट नसत. वडिलांच्या पाळीला बहुधा अंड्याची बुर्जी असे आणि तिच्यात तिखट जास्त पडलेलं असे.

आणि यातलं काहीच नसलं तर सुशीला. मराठवाड्यात मुरमुऱ्यांच्या उपम्याला सुशीला म्हणतात. तिकडे ती नाश्त्याला खातात. आमच्याकडे ती रात्रीचं जेवण होती. आई मुरमुरे चाळणीत घेऊन नळाखाली धरायची आणि लगेच पिळायची. कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, हळद यांची फोडणी झाली की मुरमुरे त्यात टाकायचे, वरून फुटाण्याच्या डाळ्यांचं कूट, लिंबू आणि असली तर कोथिंबीर. सगळं मिळून दहा मिनिटं. परात मधोमध ठेवून आम्ही चौघं चमच्यांनी खायचो. भाऊ कडेचे शेंगदाणे आधी वेचायचा आणि आई त्याच्या चमच्यावर आपला चमचा आपटायची. मी अनेकदा करून पाहिली आहे. माझे मुरमुरे एक तर कोरडे राहतात, नाहीतर त्यांचा लगदा होतो.

पुढे वडिलांची कंपनी चाकणला गेली, तेही रोज बसने चाकणला जाऊ लागले, तिथूनच निवृत्त झाले. आईने गुडघ्यांमुळे काम सोडलं. आम्ही चिखलीत दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मी वर्तमानपत्रात लागले. भाऊ चाकणला नोकरीला लागला आणि दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं. वहिनी चिपळूणकडची, तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारी.

लग्नानंतरचे चार महिने घरात एकही ब्रेकडाउन झाला नाही. रोज दोन्ही वेळा चपाती, भाजी, आमटी, भात. कोशिंबीर सुरू झाली. बाजारात मिळणारी चटणी आई घरी वाटू लागली. वडिलांनी एकदा विचारलं, "राव, आपल्याकडं रोज पाहुणे हायत का?" आईने त्यांच्या ताटात आणखी कोशिंबीर वाढली. वहिनी पहाटे पाचला उठून चपात्या लाटायची आणि ऑफिसातून आल्यावर पर्स खुर्चीवर टाकून थेट ओट्यापाशी उभी राहायची. माझी ड्यूटी संध्याकाळची. हे सगळं मला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, म्हणजे बुधवारी, तेवढं दिसायचं. दोघी एकमेकींना 'बसा हो आई' आणि 'तू बस गं' म्हणायच्या. बसत कोणीच नव्हतं.

अशाच एका बुधवारी साडेपाचच्या सुमाराला आई कांदा चिरत होती. तिचे डोळे आणि नाक वाहत होतं. वहिनीचा फोन आला. आईने तो खांदा आणि कानाच्या मध्ये धरला आणि नाक ओढत म्हणाली, "काही आणू नको. आज ब्रेकडाउन आहे. सुशीला आहे आज." आणि फोन ठेवून दिला. हा शब्द चार महिन्यांनी तिच्या तोंडून निसटला होता, हे तिच्याही लक्षात आलं नाही.

पाऊण तासाने दार उघडलं. वहिनी हेल्मेट न काढताच आत आली. एका हातात शहाळं होतं. तिने आईचा हात धरला.

"आई, तुम्ही पडून राहा. मी खाली डॉक्टरांना सांगून आलेय. ह्यांना सहा फोन केले, पण लाइनवर असताना फोन लॉकरला असतो ना."

"डॉक्टर कशाला?" आई म्हणाली. "कोणाला काय झालंय?"

"तुम्ही रडत होतात. तुम्हीच म्हणालात, ब्रेकडाउन." मग ती आजूबाजूला बघत हळू आवाजात म्हणाली, "आणि त्या गेल्या का? सुशीलाताई?"

वडील परातीवर झाकण ठेवत होते. त्यांनी ते परत उचललं. "न्हाई, हायत ना. गरम हायत अजून. कूट घालायचं राहिलंय."

मी हसले, आई हसली. तिला गुडघे धरून खाली बसावं लागलं इतकी हसली. वहिनीला मी समजावून सांगितलं, ब्रेकडाउन म्हणजे आमच्याकडे काय आणि सुशीला म्हणजे काय. तिच्या ऑफिसात ब्रेकडाउन माणसाला होतो. ती ऐकत होती, हसायचा प्रयत्न करत होती, आणि मध्येच तिथेच फरशीवर बसून रडू लागली. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं होतं.

"मला वाटलं माझ्यामुळं झालं," ती म्हणाली. "सकाळी मी ह्यांना सांगत होते, की मला नाही जमत. तुम्ही ऐकलंत असं वाटलं."

"काय जमत नाही?"

"दोन्ही. मी राजीनामा लिहून ठेवलाय, आई. सोमवारी देणार आहे. ऑफिस करून तुमच्याएवढा स्वयंपाक नाही होत मला."

आई सरकून तिच्याजवळ आली.

"माझ्याएवढा?" ती म्हणाली. "अगं, मला तरी कुठं होतंय? नवी सून घरात, तिला काय वाटंल, म्हणून करायले मी."

"आणि तुम्ही करता म्हणून मी!"

"म्हणजे चार महिने दोघींचा ओव्हरटाइम चालू हाय," वडील म्हणाले, "आणि मागितला कोणीच न्हाई."

"तुम्ही गप्प बसा. भाकरीचं पीठ संपलंय ते आणून द्या म्हटलं तर चार दिवस झाले," आई त्यांना म्हणाली. मग वहिनीला विचारलं, "तुमच्याकडं दमून आल्यावर काय करतात?"

"पेज. आणि सुकट."

"मग ती का नाही केलीस एकदा तरी?"

वहिनीने डोळे पुसले. "घरभर वास होतो. नवीन लग्न झालेलं, लोक काय म्हणतील."

"कोण लोक?" आईने विचारलं.

परात मधोमध आली. वहिनीने पहिला घास खाल्ला, लिंबू मागितलं, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली. राजीनाम्याचा विषय आईने त्या दिवशी पुन्हा काढला नाही. गुरुवारी काढला नाही, शनिवार-रविवारीही नाही. मी तिला म्हटलं, "तू तिला सांग ना, देऊ नको म्हणून." आई म्हणाली, "नोकरी तिची हाय. मी कोण सांगणार?" पण रविवारी सकाळी ती माझ्याबरोबर बाजारात आली आणि सुक्या मासळीच्या पाटीपुढे थांबून तिने सुकटीसाठी जवळा, म्हणजे ती बारीक वाळवलेली कोळंबी, निवडून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा घेत असल्यासारखं तिने तीनदा वास घेऊन पाहिला.

सोमवारी सकाळी मी उठले तेव्हा वहिनी ऑफिसला गेली होती. त्या दिवशी मी रजा टाकली. कारण कार्यालयात सांगितलं नाही. आईने दिवसभरात दोनदा घड्याळाकडे बघून दोनदा टीव्हीचा आवाज वाढवला. साडेसहाला वहिनी आली. पर्स खुर्चीवर टाकली, हात-पाय धुतले आणि खुर्चीतच बसली.

"दिलास का?" आईने विचारलं.

"नाही."

"बरं."

थोड्या वेळाने वहिनीने तांदूळ धुऊन पेज चढवली आणि तव्यावर जवळा टाकला. वास आधी ओट्यापाशी होता, मग हॉलमध्ये आला, मग जिन्यात गेला. वडिलांनी उठून सगळ्या खिडक्या उघडल्या. वहिनी गॅस बारीक करायला लागली, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कोणीतरी खच्चून विचारलं, "कुणाकडं सुकट हाय गं?"

वहिनीचा हात थांबला. आई गुडघ्यावर हात ठेवून उठली, खिडकीपाशी गेली आणि मान वर करून तितक्याच मोठ्याने म्हणाली, "आमच्याकडं! सुनेनं केलीय."