फोन घरी ठेवून खडवलीला

ठाण्याच्या नौपाड्यातल्या घराचं दार ओढून घेतलं आणि हात आपोआप पर्समध्ये गेला. फोन नव्हता. मीच तो कपाटात साड्यांखाली ठेवला होता. गेले काही महिने माझं म्हणजे आधी फोटो, मग घास. कोणी पाहिलं, कोणी नाही, याचाच दिवसभर जप. म्हणून एक दिवस ही ब्याद घरी ठेवून कुठेतरी जायचं ठरवलं. निघण्यापूर्वी इन्स्टावर मात्र घोषणा केली, ‘आज मी ऑफलाइन!’ हौस, दुसरं काय.

कल्याण मागे पडलं तशी कसारा गाडी रिकामी झाली. खिडकीबाहेर भातखाचरं आली, बगळे आले. छान होतं सगळं, पण मला चैन पडेना. बोटं नुसती पर्सच्या चेनशी चाळा करत होती.

खडवलीला उतरून चालत नदीवर गेले. भातसेचं पाणी संथ होतं. पलीकडे बायका कपडे धूत होत्या. पाण्यात पाय सोडून बसले आणि एकदम आठवली आई.

आई डोंबिवलीला एकटी राहते. बीपीचा त्रास आहे. माझं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस सर्वांत आधी तीच पाहते. सकाळचा चहा, दुपारचा डबा. लेक ठीक आहे हे तिला त्यावरूनच कळतं. एकमेकींना रोज फोन करणं केव्हा सुटलं, आठवतही नाही. इन्स्टा तिच्याकडे नाही. म्हणजे माझी घोषणा साऱ्या गावाला ठाऊक, आईला सोडून.

काठाजवळच्या खानावळीत शिरले.

“आज ताजा म्हावरा नाय गो, भाकर हाय न् सुका जवला,” खानावळवाल्या मावशी म्हणाल्या.

“ताजे मासे नसले तरी सुकट चालेल. मावशी, जरा फोन देता? आईला करायचाय.”

त्यांनी पदराला हात पुसून फोन दिला. सुरुवातीचे आकडे दाबले, पुढचे येईनात. रोज ‘आई’ या नावावर बोट ठेवणारी मी; नंबर पाठ कशाला असेल?

“काय झाला गो?”

“नंबर आठवत नाही.”

“आयशीचा?” मावशी बघतच राहिल्या. गरम भाकरी तशीच टाकून, पैसे देऊन मी उठले.

मिळाली ती गाडी पकडून डोंबिवलीला उतरले. आईच्या दाराला कुलूप! शेजारच्या सावंतवहिनी बाहेर आल्या.

“अगं, तू इथे? काकू तुझ्याकडेच गेल्यात. स्टेटस नाही, फोन उचलत नाहीस, म्हणून घाबरल्या. मी सोबत येते म्हटलं, तर थांबल्याच नाहीत.”

वहिनींनी त्यांच्या फोनवरून आईला लावला. रिंग आईच्या बंद दाराआडून ऐकू आली.

ठाण्यापर्यंत मी किती देव आठवले, मलाच माहीत. धापा टाकत जिना चढले. आई माझ्या दाराशी, पायरीवर बसली होती. हातात समोरच्या काकांचा फोन, कान दाराला. मला बघून तिने माझं मनगट घट्ट धरलं.

“आत फोन वाजतोय आणि तू दार उघडत नाहीस,” ती म्हणाली. “मला वाटलं, आत पडलीस. काका चावीवाल्याला आणायला गेलेत.”

मी तिच्याजवळ बसले.

“आई, तुझा फोन तर घरी राहिला. मग माझा नंबर कुठून मिळाला?”

“मिळायचा कुठून? पाठ आहे.”

फोनपासून लांब जायला मी खडवली गाठली होती, आणि लांब झाले होते ते भलत्याच माणसापासून. घरात गेल्यावर साड्यांखालचा फोन तिथेच राहू दिला. आईला पाणी दिलं, समोर बसले आणि म्हटलं, “आता तुझा नंबर सांग. सावकाश. मला पाठ करायचाय.”