मामांना स्कोअर सांगायचा नाही

वादात शेवटचा शब्द आपलाच असावा असं वाटणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण तो शब्द चार-पाच दिवस उशिरा पोचूनही शेवटचाच ठरतो, असा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा मुरबे गावचे, स्वतःच्या मासेमारी बोटीचे तांडेल. बोट एकदा बंदरातून लांब गेली की त्यांच्या मोबाइलचं आणि जगाचं नातं तुटतं, आणि जगातले सगळे महत्त्वाचे सामने नेमके तेव्हाच उरकले जातात. यात हॉकीवाल्यांचा काहीतरी कट आहे, असं मामांचं मत आहे. फुटबॉलवाल्यांचा तर आहेच आहे.

हॉकी आणि फुटबॉलवर एकमेकांचं डोकं पिकवण्यासाठी आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्याचे अ‍ॅडमिन म्हणजे तारापूरच्या वसाहतीत राहणारे एक निवृत्त साहेब. ते वाढदिवसाच्या शुभेच्छाही ‘मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा’ अशा देतात. हॉकीचा सामना असला की मैदानाचा नकाशा काढून त्यावर इतके बाण मारतात की शेवटी मैदान दिसत नाही. मामा असलं काही करत नाहीत. टाइप करणं हे त्यांना बोंबलाचे काटे मोजण्यासारखं वाटतं. ते बोलतात. भर समुद्रात, मागे इंजिन धडधडत असताना, फोन तोंडाशी धरून बोलत राहतात आणि ते सगळं फोनमध्ये साठत जातं. परतताना किनाऱ्याचा टॉवर लागला की आमच्या फोनवर टिंग टिंग टिंग अशी झड लागते. ती ऐकली की मी मामींना फोन करतो, “मामा टप्प्यात आले,” आणि मामी भात टाकतात.

आता एवढ्या दिवसांत जग थांबत नाही, ही मामांची अडचण. एकदा एका बड्या इंग्लिश क्लबाच्या मॅनेजरवर चहूकडून टीका चालली होती. मामांनी समुद्रातून त्याची बाजू घेतली. अशी घेतली की त्याच्या सख्ख्या आईने घेतली नसती. ते भाषण आमच्यापर्यंत पोचलं तेव्हा मॅनेजरला नारळ मिळालेला होता, एवढंच नव्हे तर तो दुसऱ्या क्लबात रुजूही झाला होता. बोईसरच्या कारखान्यातला आमचा एक फुटबॉलवेडा फिटर हळूच म्हणाला, “मामाजी, वो तो कब का निकल गया.” मामा जराही डगमगले नाहीत. “निकल गया तो निकल गया. मैं तो उसका बाजू नहीं छोडेगा!” पुढे दोन महिने ते त्या मॅनेजरच्या मागोमाग नव्या क्लबाचे कडवे समर्थक होते.

व्हिडिओवर पाहून गोल रद्द करण्याची पद्धत तर त्यांच्या डोक्यातच जाते. कुणाचा तरी अंगठा रेषेच्या पुढे होता म्हणून गोल रद्द झाला, तेव्हा त्यांचा निरोप आला: “मासा जाल्यात आला तो आला. मंग त्याची शेपटी बाहेर होती का, ते काय मोजत बसता?” हॉकीत मात्र ते शांत डोक्याचे. पुढे धावून दबाव टाकावा की मागे थांबावं, यावर साहेबांनी बावीस बाण काढले होते. मामा म्हणाले, “डोलीचं जालं लावून बसायचं. भरती येते, मासा आपसूक येतो. पान्यामागे कोन धावतो काय?” त्यांनी स्वतः हॉकी खेळल्याचं कुणाला आठवत नाही. वसाहतीच्या मैदानावर साहेबांनी एकदा त्यांच्या हातात स्टिक दिली होती, ती त्यांनी वल्ह्यासारखी धरली आणि चेंडूऐवजी साहेबांना मागे सारलं.

मागच्या मोसमात आपल्या हॉकी संघाची सेमीफायनल आली आणि मामांची बोट सुटायची वेळही तीच आली. जाताना त्यांनी ग्रुपवर हुकूम सोडला: “मी येस्तवर निकाल कोनी बोलायचा नाय. मला म्याच ताजी पायजे, बर्फातली नको.” बोटीच्या वायरलेसवरूनही त्यांनी आसपासच्या बोटींना बजावलं होतं की वादळाची बातमी खुशाल सांगा, हॉकीची नको. या माणसाने आयुष्यात इतक्या सामन्यांचे निकाल शिळे खाल्ले होते की हा एक त्यांना ताजा वाढायचा, असं आम्ही सगळ्यांनी मनावर घेतलं.

सामना झाला. आपण हरलो.

इथे खरा पेच सुरू झाला. पाण्याचा रंग बघून खाली काय आहे ते सांगणाऱ्या माणसापासून चेहरा लपवायचा कसा? साहेबांनी ‘चेहरा तटस्थ ठेवण्याबाबत’ सात मुद्दे पाठवले. ते पाठ करून आम्ही बंदरावर जमलो, तर आमच्याकडे बघून कुणीतरी विचारलं, “कोन गेलं?”

मामी टोपली घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “जावयबापू, हे काय तोंड हाय? ते तर बोटीवरूनच वलखतील.”

“मग हसू का?”

“हसलात तर त्याना जिंकलो असं वाटेल. भांडा! भांडनात कोनाचं तोंड कलत नाय. साएब, तुमी बोला, मामी शिला मासा विकते म्हनून.”

साहेब घसा खाकरून म्हणाले, “मामी, तुम्ही क्वचित प्रसंगी, कदाचित, थोडा शिळा…”

“क्वचित? कवा? कोनाला? नाव सांगा!”

साहेबांनी दुर्दैवाने नाव सांगितलं. स्वतःचंच. गेल्या आठवड्यातल्या पापलेटाचा उल्लेख निघाला आणि नाटकाला जी धार चढली, ती पाहून या कटाशी काही संबंध नसलेल्या चार बायका मामींच्या मदतीला धावल्या. बोट लागली तेव्हा साहेब आपल्या सातही मुद्द्यांसकट टोपल्यांच्या मागे दडले होते. मामा गुडघाभर पाण्यातून येत ओरडले, “काय झालं?” उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. वाद पेटलेला पाहून मामांचा चेहरा उजळला. घरी येईपर्यंत त्यांनी पापलेटाचा निवाडा मामींच्या बाजूने करून टाकला आणि हॉकीबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

भरदुपारी त्यांच्या ओटीवरच्या टीव्हीवर आम्ही तो सामना लावला. मामा अगदी पुढे बसले, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. आम्ही मागे. पहिल्या गोलला त्यांनी मला मिठी मारली. बरोबरी झाली तेव्हा त्यांनी साहेबांकडे असं पाहिलं की जणू साहेबांनीच चेंडू सोडला. मग आपण एका गोलने मागे पडलो आणि मिनिटं संपत आली.

आता अशा वेळी गोलकीपरला बाहेर काढून एक जादा खेळाडू पुढे धाडावा की नाही, यावर या दोघांचं वर्षभर वाजलेलं होतं. साहेब म्हणत काढावा. मामा म्हणत, घराचं दार उघडं टाकून कोणी शेजारी जेवायला जातं काय? पण त्या दुपारी मामा उठून उभेच राहिले आणि टीव्हीसमोर दोन्ही हात पसरून ओरडले, “काढ रे त्याला! काढ! सगले पुढे जावा!”

आणि साहेब, ज्यांना पुढचं सगळं ठाऊक होतं, ते खाली मान घालून पुटपुटले, “नको. काढू नका.”

गोलकीपर बाहेर गेला. सगळा संघ पुढे धावला. मामी ओरडत होत्या, फिटर ओरडत होता, साहेबही मान वर करून ओरडायला लागले. मग मधेच चेंडू हिसकावला गेला आणि रिकाम्या गोलकडे, कुणाला काही घाई नसल्यासारखा, घरंगळत निघाला.

सामना संपल्यावर मामांनी टीव्ही बंद केला. मग वळून आमच्याकडे बघितलं.

“तुमाला सगल्याना म्हायत होतं ना?”

“होतं,” मामी म्हणाल्या.

“मंग तुमी कशाला बोंबलत होतात?”

साहेबांनी ‘मुद्दा पहिला’ म्हणून सुरुवात केली आणि चष्मा पुसायला घेतला. मीही टीपॉयवरचे कप गोळा करू लागलो. खरं म्हणजे सामना मी आधी पाहिलेला होता, त्यावर साहेबांशी फोनवर दोन दिवस शहाणपणाने बोललोही होतो. पण मामांच्या खांद्याआडून पाहताना, तो चेंडू घरंगळत निघाला तेव्हा, या खेपेला तो बाहेर जाईल असं मला अगदी मनापासून वाटलं होतं.