डबीतली मिशरी आणि संगीताची दाढ

मंचरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसातून किती वेळा दात घासता? मी तोऱ्यात सांगितलं, चार वेळा. त्यांनी माझा गाल आतून उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "हा ल्युकोप्लेकिया आहे. तंबाखू कधीपासून?"

ल्युकोप्लेकिया म्हणजे तोंडातल्या नाजूक कातडीवर उठलेला पांढरा चट्टा. तो पुसून जात नाही, दुखत नाही, आणि पुढे त्याचा कॅन्सर होऊ शकतो. मी म्हणाले, तंबाखूला मी शिवत नाही. त्यांनी विचारलं, मग मिशरी कशाची करता?

नवऱ्याच्या तंबाखूच्या पुड्या मी दहा वर्षं चुलीत घातल्या. त्याच चुलीवर तवा ठेवून दर आठवड्याला तंबाखू काळी होईपर्यंत भाजली, कुटली आणि डबीत भरली. त्याचं व्यसन आणि माझं दात घासणं! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बायोप्सी केली, म्हणजे चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पुण्याला पाठवला. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. मिशरी बंद. डोकं ठणकायचं, पोट साफ होत नव्हतं, आणि महाळुंग्याच्या आमच्या घरात जो समोर येईल त्याच्यावर मी खेकसत होते.

सासूबाई म्हणाल्या, "आमी जल्मभर लावली, काय झालं?"

"आत्याबाई, तोंडात एक दात ऱ्हायला न्हाई आन काय झालं इचारता?" मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले आणि मला वाईटही वाटलं नाही.

सहाव्या दिवशी मी डबी चुलीत रिकामी केली. थोड्या वेळाने दहावीतली माझी संगीता फळीवर काहीतरी शोधू लागली. डबी रिकामी बघून म्हणाली, "थोडी तरी ठेवायची व्हती. दाढ ठणकती माझी."

कधीपासून लावतेस, म्हणून मी ओरडलेच. ती म्हणाली, "दिवाळीत तूच लावली व्हती की."

खरं होतं. दाढ दुखते म्हणून रडत होती, तर मी हिरडीवर मिशरी चोळून तिला गप्प केलं होतं. मारायला उचललेला हात तसाच राहिला.

आठव्या दिवशी एसटीडी बूथवरून फोन केला. डिसप्लेझिया नाही, म्हणजे पेशी बिघडलेल्या नाहीत. मिशरी कायमची सोडली तर चट्टा जाईल, पण तपासायला येत राहा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. घरात पेढे आले. मला ते गिळवेनात. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन मंचर गाठलं.

दाढेचा एक्स-रे निघाला. कीड मुळापर्यंत गेली होती. मिशरीने हिरडी बधिर होते, दुखायचं थांबतं आणि आत दाढ सडत राहते. दिवाळीत आणली असती तर सिमेंट भरून वाचली असती, आता काढावी लागेल, असं त्या म्हणाल्या. बायांनो, घरात डबी असेल तर वाचायचं थांबवा आणि आधी ती चुलीत ओता.

मग त्यांनी संगीताला विचारलं, "ही सवय तुला कुणी लावली?"

पोरीने खाली मान घालून शाळेतल्या मैत्रिणीचं नाव सांगितलं.

मला वाचवायला माझी पोर खोटं बोलत होती. मी म्हणाले, "म्या लावली. ह्या बोटानं. कागदावर तसंच लिवा."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, तसंच लिहिलं आणि इंजेक्शन भरायला घेतलं.