बटनावरचं बिल

आमच्या लाइनीत दुकानं चार आणि लाइटचं मीटर एक. एवढं सांगितलं की ऐकणारी बाई लगेच विचारते, "मग भांडणं होत असतील?" रोज भांडायला कुणाला सवड आहे? भांडत बसलं की ब्लाऊज राहतात. पण किस्से मात्र होतात. कुणी ते लिहून ठेवत नाही, एकानं एक काढला की दुसऱ्याला दुसरा आठवतो. परवा भागवतच्या दुकानात चहा पिता पिता सगळे किस्से निघाले. माझा चहा पार गार झाला.

आधी माणसं सांगते. उमापूरच्या स्टँडजवळ माझं शिलाईचं दुकान. शेजारी भागवतचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं. त्याच्या पलीकडं मुनीरभाईंचं कोल्ड्रिंक-आइस्क्रीमचं. कोपऱ्यावर अप्पांचं किराणा. इमारत अप्पांची, मीटर अप्पांच्या नावावर, आणि बिल वाटायची रीतही अप्पांचीच. ज्याच्या भिंतीवर जितकी बटनं, तितका त्याचा वाटा. बस्स.

हसा तुम्ही. पहिल्या दिवशी मीसुद्धा हसले होते.

* * *

माझ्या गाळ्यात पूर्वी फोटो स्टुडिओ होता. त्या माणसाला कसले कसले दिवे लागायचे, म्हणून भिंतीवर अकरा बटनांचा बोर्ड. त्यातली माझ्या कामाची तीन. पंखा, ट्यूब आणि मशीनचं. बाकीची आठ केव्हाच मेलेली.

महिन्याच्या एक तारखेला अप्पा आले. अंघोळ झालेली, कपाळावर भस्म, हातात खडू. जिन्याखाली मीटरशेजारी एक पाटी भिंतीला स्क्रूनं पक्की केलेली आहे, तिच्यावर ते आकडे मांडतात. मी म्हटलं, अप्पा, यातली आठ बंद आहेत. त्यांनी एक दाबून बघितलं. काही नाही. दुसरं दाबलं. असं करत आठही दाबली, अगदी मन लावून. मला वाटलं, चला, पटलं.

पाटीवर त्यांनी अकरा लिहिलं.

"मेल्यालं असलं तरी भिंतीवर हाय ना, ताई," अप्पा म्हणाले. "उद्या जित्तं झालं तर?"

मी काढून टाकते म्हटलं, तर बोर्ड मालकाचा, त्याला हात लावायचा न्हाई, असंही बजावून गेले.

* * *

मुनीरभाईंच्या दुकानात दोन मोठे फ्रीझर. दिवसरात्र चालू. एका फ्रीझरला एक बटन, वर एक दिवा, एक पंखा. म्हणजे त्यांची बटनं चार आणि माझी अकरा! मी अप्पांना हाताला धरून, नाही म्हटलं तरी जवळजवळ ओढतच, तिकडं नेलं. म्हटलं, हा डबा किती वीज खातो ते बघा जरा.

अप्पांनी फ्रीझरवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "फ्रीझर दोन, बटनं दोन. बराबर हाय की."

मला इतका राग आला की घरी जाऊन मी भाकरी करपवल्या. मुनीरभाई मात्र भला माणूस. त्यांना लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून दुपारी एक आइस्क्रीम माझ्या मशीनवर येऊन पडायला लागलं.

"घ्या, ताई. तुमच्याच बटनाचं हाय."

रागानं खाल्लं मी. पण खाल्लं.

* * *

भागवत फॉर्म भरून भरून अर्धा वकील झालेला आहे. त्याच्याकडं सात बटनं होती. एक दिवस त्यानं अप्पांना गोड आवाजात विचारलं, की बटन म्हणजे भिंतीवरचंच धरायचं, का कुठलंबी? अप्पा म्हणाले, भिंतीवरचं. पुन्हा विचारलं, नक्की ना? नक्की.

पुढच्या महिन्यात भागवतच्या भिंतीवर एकच बटन उरलं. त्यातून एक वायर खाली आलेली, आणि टेबलाखाली ह्या लांबीचा एक्स्टेन्शन बोर्ड. कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्स, पंखा, मोबाईलचे चार्जर, सगळी वरात त्या एका बोर्डावर. अप्पांनी खाली वाकून बघितलं, पण शब्द दिलेला होता. पाटीवर एक लिहिलं. आता बटनं एकाची कमी झाली की बाकीच्यांचा वाटा वाढणार, आणि सगळ्यात जास्त बटनं कुणाची? माझी.

मी जाब विचारायला गेले आणि माझा पाय नेमका त्या बोर्डावर पडला. सगळं बंद. एका पोराचा नोकरीचा फॉर्म शेवटच्या पानावर होता, तो गेला. भागवत काही बोलायच्या आत मी म्हटलं, "जमिनीवरचं हाय रे. ते मोजत न्हाईत."

त्या पोराचा फॉर्म मग भागवतनं पुन्हा भरून दिला, फुकट. पाय मुद्दाम पडला का, हे तो अजून विचारतो.

* * *

शेवटी मी एस.टी. धरून गेवराईला लाइट ऑफिसात गेले. साहेब म्हणाले, बाई, मीटर तुमच्या नावावर नाही, म्हणजे आमच्या लेखी तुम्ही गिऱ्हाईकच नाही. मालक बिल कसं वाटतो, त्यात आम्हाला पडता येत नाही. मी उठायला लागले, तर त्यांनी सहज विचारलं, "कसं वाटतात पण?"

मी सांगितलं. साहेबांनी मला परत बसवलं. आतून दोन क्लार्क बोलावले आणि मला म्हणाले, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. चहा आला. मग वायरमन आला, त्याच्यासाठी तिसऱ्यांदा सांगितलं. काम काडीचं झालं नाही, पण इतका मान मला माहेरीसुद्धा मिळाला नसेल.

निघताना मागं वळून बघितलं तर साहेब खुर्चीवरून उठून भिंतीवरची बटनं मोजत होते.

* * *

आता हसण्यावारी सांगते आहे, पण तेव्हा हसू येत नव्हतं. नऊ वर्षं मी घरच्या ओट्यावर मशीन चालवली. गिऱ्हाईक बसलेलं आणि आतून सासूबाई विचारतायत, पोळ्या किती टाकू. दुकान घेतलं तेव्हा बोर्डावर माझं नाव रंगवलं, आणि त्या दिवशी मी दोनदा रस्त्यापलीकडं जाऊन ते वाचून आले. भाडं जमत होतं. हे बिलच जमत नव्हतं. दिवाळीपर्यंत असंच चाललं तर मशीन परत ओट्यावर न्यावी लागणार होती. एका दुपारी कटिंगचं कापड पुढ्यात घेऊन मी चक्क रडले.

मग गेवराईच्या त्या वायरमनकडून कागद लिहून आणला. चार दुकानांना चार छोटी मीटरं, ज्याचं त्याला. अप्पांनी कागद वाचला, घडी केली आणि गादीखाली सारला. "वडलांपासनं बटनावर चाललंय, ताई."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, मग तुमची बटनं कावून मोजत न्हाईत, अप्पा?

खरंच, मालकाची बटनं आजवर कुणी मोजलीच नव्हती. अख्खी लाइन गोळा झाली. अप्पा मानी माणूस. त्यांनी स्वतः, मोठ्यानं, आपली बटनं मोजली. नऊ. पाटीवर नऊ लिहिलं.

पुढच्या महिन्यात ती दोन झाली. सात कुठं गेली ते कुणी विचारलं नाही. पण गुळाच्या ढेपांवर एक बल्ब नुसत्या वायरला लोंबत होता, आणि दुकान बंद करताना अप्पा धोतराचा सोगा हाताला गुंडाळून तो पिळून काढायचे. हात पोळला की "शिव शिव" म्हणायचे.

* * *

मालकानंच काढली म्हटल्यावर मला कोण अडवणार? दिवाळीच्या आधीच्या महिन्यात मी मुनीरभाईंचा पेचकस मागून आणला, वायरमनला बोलावलं, आणि अकराच्या अकरा बटनं काढून वायरी सरळ जोडून घेतल्या. वर कॅलेंडर टांगलं. मला काय माहीत, की तो पेचकस त्या आठवड्यात सगळ्याच दुकानांत फिरून आला होता.

एक तारखेला अप्पा खडू घेऊन आले. कॅलेंडर उचलून बघितलं, मग वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघितलं. शून्य. भागवतकडं शून्य. मुनीरभाईंचे दोन्ही फ्रीझर घुरघुरत होते. शून्य. आपल्या दुकानाचं शून्य अप्पांनी जरा हळू आवाजात सांगितलं.

आम्ही सगळे त्यांच्या मागं मागं जिन्याखाली आलो. तिथं महादेवाचा फोटो आहे, अप्पांच्या वडिलांनी लावलेला. त्यावर एक छोटा दिवा, आणि खाली एक बटन. त्याला कुणीच हात लावला नव्हता.

"अप्पा, एक हाय की," भागवत म्हणाला. "म्हंजे ह्या महिन्याचं समदं बिल महादेवाला."

कुणी हसलं नाही. अप्पांच्या एका हातात खडू, दुसऱ्यात बिल. मला राहवलं नाही.

"अप्पा, मला दुकान सोडायचं न्हाई," मी म्हटलं. "पर असंच चाललं तर दिवाळीनंतर सोडावं लागंल."

अप्पांनी खडू कोपरीच्या खिशात टाकला. मग म्हणाले, पेचकस कुणापाशी हाय? तो माझ्याकडंच होता, आणून दिला. ते फोटोच्या दिशेनं सरकले, तसं मुनीरभाईंनी घाईनं त्यांचा दंड धरला.

"अप्पा, त्ये तरी ऱ्हाऊ द्या."

अप्पांनी दंड सोडवून घेतला आणि शेजारच्या पाटीचे चार स्क्रू एकेक करून काढले. पाटी भिंतीला टेकवून ठेवली. खाली भिंतीचा पांढरा चौकोन निघाला. मग कोपरीच्या खिशातून त्यांनी माझा तो कागद काढला, हळदीचे डाग पडलेला, आणि मला म्हणाले, टेप लावून बघा, मीटरं बसत्याल का हितं.

माझ्या गळ्यात टेप होताच. दोनदा मापलं. म्हटलं, चार आरामात बसतात.

अप्पांनी एकदा महादेवाकडं बघितलं.

"पाच बसत्याल का, त्ये बघा."