साडूभाऊंचा निकाल

माझ्या साडूभाऊंइतका न्यायी माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्या न्यायाचा सगळा भुर्दंड एकट्या मला बसला. नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, धंद्याने अर्जनवीस. बीडच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली ताडपत्री बांधून लोकांचे अर्ज लिहायचे. आयुष्यभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी लिहून त्यांना एक आजार जडला होता. छापलेलं काहीही दिसलं की शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचायचं आणि मग तंतोतंत तसंच वागायचं. साबणाच्या वेष्टनावर 'कोरड्या जागी ठेवा' असं लिहिलेलं दिसल्यापासून त्यांच्या घरात साबण धान्याच्या कोठीवर असायचा, आणि अंग ओलं झाल्यावर तिथून ओरडून मागवावा लागायचा. एकदा आम्ही दोघं आष्टीला साखरपुड्याला निघालो होतो. स्टँडवर एका दारावर 'चौकशी आत करावी' अशी पाटी आणि तिच्या खालीच 'आत येण्यास मनाई आहे' अशी दुसरी. मी सरळ आत जात होतो, तर यांनी माझा सदरा धरला. पाव तास विचार करून त्यांनी ठरवलं की परवानगी आणि मनाई समोरासमोर आल्या तर मनाई वरचढ. तेवढ्यात आष्टीची गाडी आमच्या देखत निघून गेली. मी भडकलो. ते शांतपणे म्हणाले, "गाडी गेली हे वाईट झालं. पण आपण चुकलो न्हाई."

अशा माणसाच्या हाती ते पत्ते पडले. त्या दिवसांत बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं. ज्या मालाचं नाव मला वाचता येत नव्हतं तोही मी, बांगड्यांच्या हातगाडीवरून दुकानात आलेला माणूस, छातीठोकपणे विकत होतो. त्यातच हैदराबादकडून एक चिंगम आलं, आणि पाकिटात एक पत्ता. पत्त्यावर वाघ, किल्ला, वीज, सुभेदार असलं चित्र आणि खाली दोन ओळींत त्याची ताकद. वाघ समोरचा पत्ता मारतो, किल्ला मागच्याला वाचवतो, असं. ज्याचे सगळे पत्ते मेले तो हरला. खेळ पोरांचा, पण बाजार बंद असायचा त्या दुपारी आम्ही दुकानदारच गोण्यांवर बसून खेळायचो आणि पोरांपेक्षा जास्त भांडायचो, कारण एका पत्त्याची ताकद दुसऱ्याला आडवी गेली तर काय, हे कुठेच छापलेलं नव्हतं. साडूभाऊंना तर आयुष्याचं काम सापडलं. हात धुऊन, चष्मा पुसून ते बसायचे आणि निकाल द्यायचे. स्टँडवरचा नियम त्यांनी पत्त्यांना लावलाच. शिवाय एकावर एक पत्ते पडले तर शेवटचा आधी लागू, कारण गाडीत शेवटी चढवलेलं पोतंच आधी उतरतं. निकालावर अपील नव्हतं. रागाच्या भरात मी दोनदा पत्ते भिरकावले, तेव्हा दोन्ही वेळा त्यांनी ते गोळा करून होते त्या जागी मांडले.

आता माझं गाऱ्हाणं. शिवरात्रीच्या जत्रेत देवळाच्या पायऱ्यांजवळची जागा म्हणजे जत्रेतली सगळ्यात भारी जागा. येणारा प्रत्येक जण तिथे चप्पल काढायला थांबतो, आणि थांबलेला माणूस बांगड्यांकडे बघतोच. तिच्यासाठी माझं आणि पलीकडच्या गल्लीतल्या खेळणीवाल्याचं दरवर्षी जुंपायचं. त्या वर्षी जत्रेच्या पंचांनी सांगितलं, आपसांत मिटवा, नाहीतर दोघांनाही जागा नाही. मी म्हणालो, पत्त्यांवर ठरवू, आणि निकालाला माझे साडूभाऊ. आपलाच माणूस, असा माझा हिशेब. खेळणीवाला लगेच म्हणाला, "ते असतील तर मला चालतंय." मालाचा भाव इतक्या पटकन कबूल करणाऱ्याचा मला एरवी लगेच संशय येतो. त्या दिवशी नाही आला.

शेवटी त्याच्यापुढे मांडलेला एकटा सुभेदार उरला आणि माझ्यापुढे किल्ल्याच्या मागे वाघ; हातात दोघांच्याही एकेक पत्ता. मी वीज टाकली. वीज पडली की समोरचा एक पत्ता मेलाच. तेवढ्यात त्याने आरसा ठेवला. आरसा आलेला मार टाकणाऱ्याच्या पत्त्यावर परतवतो. मी हसलो, कारण किल्ल्यावर छापलं होतं, 'मागचा पत्ता समोरच्याच्या पत्त्याने मरत नाही.' साडूभाऊंनी दोन्ही पत्ते उजेडाला धरून वाचले.

"वीज कुणी टाकली?"

"मी. पण आली तर त्याच्याकडून की."

"तुमी पाहुण्याला फेटा बांधला, त्यानं तो तुमच्याच डोक्यावर ठिवला. फेटा कुणाचा?"

मी किल्ल्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"फेटा तुमचा, वीज तुमची. किल्ला समोरच्याला आडवतो, मालकाला न्हाई. वाघ मेला."

एकटा किल्ला कुणाला मारत नाही. पुढच्या खेपेला सुभेदाराने तो घेतला, आणि जागा गेली. मी साडूभाऊंना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते फक्त म्हणाले, "कशाला चिडता? तुमी त्याचा आरसा पडंस्तवर थांबून मग वीज टाकायची व्हती. मला दिसत व्हतं, पण सांगता येत नव्हतं."

शिवरात्रीला मला जागा मिळाली पार टोकाला, जिथे बैल बांधतात. सकाळी दुकान मांडतो तर साडूभाऊ कोर्टाबाहेरची ताडपत्री खांद्यावर टाकून हजर. माझ्या पालावर सावली बांधली आणि दिवसभर बांगड्या विकत बसले. एखाद्या बाईने विचारलं की काच पक्की आहे का, तर सांगायचे, "काच हाय, फुटंल." संध्याकाळी मी विचारलं, निकाल चुकला असं वाटतं का. म्हणाले, "न्हाई. पण तुमी उन्हात बसावं असं कुठं लिवलंय?"

ते चिंगम दोन-तीन वर्षांत बंद पडलं. साडूभाऊही गेले, शेवटच्या दुखण्यात गोळ्यांच्या चिठ्ठ्या वाचून डॉक्टरला हैराण करून गेले. खेळणीवाल्याने धंदा सोडला. आता माझी तीन दुकानं आहेत आणि पायऱ्यांजवळची जागा पंच स्वतः घरी निरोप पाठवून देतात. मागच्या जत्रेत एका गिऱ्हाईकाशी मी मुद्दाम चुकीचा मुद्दा धरून भांडलो, चांगला अर्धा तास, कुणीतरी सदरा धरून 'तुमी चुकलात' म्हणेल म्हणून. शेजारचे सगळे गोळा झाले आणि म्हणाले, शेठ, तुमचंच बरोबर हाय. त्या दिवशी मी दुपारीच पाल आवरलं.