सगळं नॉर्मल

दोन वर्षांपूर्वी माझ्या नडग्या ठणकायला लागल्या, तेव्हा रक्ताचा रिपोर्ट आणायला नवराच गेलेला. दारातूनच म्हणाला, "सगळं नॉर्मल आहे." मी मूर्खासारखा विश्वास ठेवला. त्यानंतर मानपाड्याच्या आमच्या बिल्डिंगचे तीन जिने कठड्याला धरून चढले, केमिकल कंपन्यांचा वास येतो म्हणून खिडक्या लावून ओट्याशी उभी राहिले, आणि पाय दुखले की स्वतःलाच बजावलं, नाटकं पुरेत.

गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरीणबाईंनी जुना रिपोर्ट मागितला. तो कपाटात गॅसच्या पुस्तकाखाली सापडला. साखर बरोबर, थायरॉइड बरोबर. खाली डी व्हिटॅमिनचा आकडा मात्र ठळक अक्षरांत, आणि शेजारी खाली जाणारा बाण. बाई म्हणाल्या, "हाडं दुखणारच. औषध तेव्हाच सुरू व्हायला हवं होतं."

घरी येऊन कागद नवऱ्यासमोर धरला. "हे वाचलं नव्हतंस?"

"वाचलेलं की," तो चहाचा घोट घेत म्हणाला. "अगं, ते सगळ्याच बायकांचं कमी असतं. म्हणून तर नॉर्मल म्हटलं."